दवाखान्यातले लसीकरण : फ्रिजपासून दंडापर्यंत कुठे काय बिघडते

प्रश्न थोडक्यात असा : फॅमिली प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने रोजच्या ओपीडीबरोबर लसीकरणही चालवायचे तर साठवण, चुकलेले डोस, लस कुणाला द्यायची नाही आणि अलीकडचे बदल, यांत नेमके काय सांभाळावे?

वेळापत्रक भिंतीवर लावता येते. ते पाठ नसल्यामुळे फारसे अडत नाही. लसीकरण बिघडते ते फ्रिजमध्ये, डायल्युएंटच्या (कोरडी लस विरघळवण्याच्या द्रवाच्या) बाटलीत, आणि "आज नको, सर्दी बरी झाली की या" या एका वाक्यात. म्हणून उत्तराचा मोठा भाग या तीन जागांवर आहे. देशोदेशीची वेळापत्रके वेगळी असतात, त्यामुळे डोसच्या तारखा आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणेच पाळा. खाली दिलेले नियम त्या वेळापत्रकांच्या मुळाशी आहेत.

फ्रिज : गरम होण्यापेक्षा गोठण्याकडे लक्ष द्या

वीज गेली की सगळे धावतात. कडाक्याच्या थंडीच्या रात्री फ्रिजच्या आत काय झाले ते मात्र कुणी बघत नाही. उन्हाळ्यात वाढवून ठेवलेला थर्मोस्टॅट तसाच राहतो, खोलीचे तापमान उतरते आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या बाटल्या पहाटेपर्यंत शून्याखाली जातात. सकाळी दवाखाना उघडेपर्यंत सगळे पुन्हा ४ अंशांवर आलेले असते आणि नोंदवहीत "४" लिहिले जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तपासलेल्या फ्रिजांपैकी आणि वाहतुकीच्या खेपांपैकी १४ ते ३५ टक्क्यांमध्ये लस गोठणबिंदूखाली गेल्याचे आढळले होते, आणि त्यात श्रीमंत देशही होते.

डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), पेंटाव्हॅलंट (डीपीटीसह पाच रोगांवरची), हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल काँज्युगेट (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या विषाणूवरची) या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर ढकलतात, त्यांचे पुंजके होतात आणि वितळल्यावर ते पुन्हा सुटे होत नाहीत. वितळलेली बाटली वरवर पाहता नेहमीसारखीच दिसते. टोचली तर संरक्षण कमी मिळते आणि टोचल्या जागी गाठ धरण्याची शक्यता वाढते. इंजेक्शनची पोलिओ लस आणि इन्फ्लुएन्झाची लस यांत अॅल्युमिनियम नसते, तरी त्याही गोठू द्यायच्या नाहीत. उलट गोवर, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), बीसीजी (क्षयरोग) यांची कोरडी पावडर थंडीला डगमगत नाही. तिला उष्णता आणि प्रकाश बाधतात. उष्णतेला सगळ्यांत नाजूक म्हणजे तोंडाने द्यायची पोलिओ लस.

फ्रिज शक्यतो औषधांसाठीच बनवलेला घ्या. एका दाराचा, आतच छोटा बर्फाचा कप्पा असलेला फ्रिज लसीसाठी वापरूच नका. त्यात त्या कप्प्याखाली लस गोठते आणि दाराशी गरम होते. मधली सुरक्षित जागा हाताच्या पंजाएवढीही उरत नाही. घरगुती फ्रिज वापरण्यावाचून पर्याय नसेल तर फ्रीझरचे दार वेगळे असलेला घ्या. लस फक्त मधल्या फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून, आणि खोक्यातून बाहेर न काढता. दाराच्या कप्प्यांत आणि खालच्या ट्रेमध्ये लस ठेवू नका. खालची ट्रे काढून तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर तापमान बरेच हळू चढते. बाटल्यांवर "पिऊ नये" असे लिहून ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत रिकाम्या होतील. डबा, दूध, रक्ताचे नमुने या फ्रिजमध्ये नकोत, कारण प्रत्येक वेळी दार उघडले की थर्मामीटर हलतो. प्लगवर "बंद करू नका" ही चिठ्ठी हवीच. रात्री झाडू मारताना काढलेला प्लग हे लस वाया जाण्याचे जुने आणि अगदी साधे कारण आहे.

मर्यादा २ ते ८ अंश सेल्सिअस, लक्ष्य ५. दिवसातून दोनदा, सकाळी दार उघडण्यापूर्वी आणि संध्याकाळी बंद करताना, नोंद घ्या. फक्त त्या क्षणाचे तापमान लिहून उपयोग नाही. मागच्या नोंदीनंतरचे किमान आणि कमाल लिहा आणि मग रीसेट करा. डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारे उपकरण) मिळत असेल तर तोच बसवा. लसीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३० दिवसांच्या लॉगरचे अलार्म साधारणपणे असे ठरवलेले असतात : ८ अंशांच्या वर सलग १० तास, किंवा उणे ०.५ अंश वा त्याखाली सलग ६० मिनिटे. उष्णतेला १० तासांची मुभा आणि थंडीला एकाच तासाची, यावरून कुठला धोका मोठा मानलेला आहे ते कळेल. लॉगरचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) ग्लायकॉल या द्रवाच्या बाटलीत बुडवलेला असावा, म्हणजे हवेचे नव्हे तर द्रवाचे तापमान कळते.

तापमान घसरलेले किंवा चढलेले आढळले तर लस लगेच फेकू नका आणि लगेच वापरूही नका. सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरा, "वापरू नये" अशी चिठ्ठी लावा आणि २ ते ८ अंशांतच ठेवा. किमान-कमाल आकडा, किती वेळ, कोणती लस, कोणता बॅच हे लिहून उत्पादकाला किंवा लसीकरण कार्यक्रमाच्या अधिकाऱ्याला विचारा. याआधी त्याच बॅचला उष्णता लागली असेल तर तेही सांगा, कारण उष्णतेचे नुकसान साठत जाते. फ्रिजचे दार बंद ठेवणे हा वीज गेल्यानंतरचा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय असतो. बाटल्या घाईने बर्फाच्या डब्यात हलवताना गोठतात, त्या गरम होऊन वाया जाण्यापेक्षा जास्त वेळा.

हलवण्याची वेळ आलीच तर फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक थेट लसीशेजारी ठेवू नका. तो बाहेर ठेवा, अंगावर दव धरू द्या, कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच वापरा. कमी अंतरासाठी आणि न गोठवायच्या लसींसाठी फ्रिजमध्येच गार केलेले पाण्याचे पॅक अधिक सुरक्षित.

गोठल्याची शंका आली तर शेक टेस्ट

अॅल्युमिनियम असलेल्या लसींच्या बाटल्यांसाठी ही चाचणी विश्वासार्ह आहे. २०१० साली तिची सूक्ष्मदर्शकाशी पडताळणी करून पाहिली गेली आणि ती कसोटीला पूर्ण उतरली. त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण गोठवा, तिच्यावर "गोठवलेली" असे ठळक लिहा आणि पूर्ण वितळू द्या. मग संशयित बाटली आणि ही बाटली एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवा. दोन्ही सपाट टेबलावर शेजारी ठेवा आणि हात न लावता जास्तीत जास्त ३० मिनिटे बघा. गोठवलेल्या बाटलीत गाळ भराभर बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसू लागते. संशयित बाटली तेवढ्याच वेगाने किंवा अधिक वेगाने बसली तर ती टाकून द्या. सावकाश बसली तर वापरता येते. लेबलामुळे गाळ दिसत नसेल तर दोन्ही बाटल्या उलट्या करून गळ्याशी बघा.

एक अट कायम : बाटली प्रत्यक्ष बर्फ झालेली दिसली असेल तर चाचणी करत बसू नका, फेका. आणि इंजेक्शनची पोलिओ, एमएमआर, इन्फ्लुएन्झा यांना ही चाचणी लागू नाही.

व्हीव्हीएम, म्हणजे बाटलीवरच्या वर्तुळातला चौकोन, १९९६ पासून वापरात आहे. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चालेल. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला तर चालणार नाही. हा शिक्का फक्त उष्णता मोजतो. गोठण्याबद्दल तो काहीच सांगत नाही, हे नर्सला स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण "व्हीव्हीएम ठीक आहे" म्हणजे "लस ठीक आहे" असा समज सर्रास असतो.

डायल्युएंट आणि उघडलेली बाटली

लसीकरणातल्या मृत्यूंचा इतिहास चाळला तर लस क्वचितच दोषी ठरते, हाताळणी ठरते. २०१४ मध्ये सीरियाच्या इद्लिब भागात १५ बालके दगावली. गोवर लसीच्या डायल्युएंटऐवजी अॅट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारे भुलीचे औषध मिसळले गेले होते. २०१८ मध्ये सामोआत दोन बालके तशाच कारणाने गेली. त्यानंतर तिथला लसीकरण कार्यक्रम काही महिने थांबला, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ मृत्यू झाले. त्यातली बहुतेक लहान मुले होती.

यातून निघणारा नियम कडक आहे. लसीच्या फ्रिजमध्ये लस आणि तिचे डायल्युएंट यांखेरीज एकही औषध नको : भूल नको, इन्सुलिन नको, ऑक्सिटोसिन नको. डायल्युएंट त्याच उत्पादकाचे, त्याच लसीसाठीचे. "पाणीच तर आहे" म्हणून इंजेक्शनचे डिस्टिल्ड वॉटर वापरायचे नाही. काही डायल्युएंटमध्ये लस स्थिर ठेवणारे घटक असतात. वापरण्यापूर्वी २४ तास डायल्युएंट फ्रिजमध्ये गार करा, कारण गरम डायल्युएंट जिवंत विषाणू मारतो. डायल्युएंट गोठवू मात्र नका, काचेला तडे जातात. प्रत्येक बाटली मिसळण्यासाठी नवी सिरिंज. मिसळल्यावर बाटलीवर वेळ लिहा. तारीख पुरेशी नाही.

मिसळलेल्या गोवर, एमएमआर, बीसीजी लसींत जंतुनाशक नसते. बहुडोस बाटलीत स्टॅफिलोकोकस शिरला तर काही तासांत विष तयार होते आणि ज्या मुलांना तो डोस मिळतो त्यांना जुलाब, उलट्या, शॉक येतो. १९२८ साली ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी असेच झाले : जंतुनाशक नसलेल्या बाटलीतून टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ दगावली. म्हणून मिसळल्यापासून ६ तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी येईल ते. उरलेली लस टाका. काही कांजिण्यांच्या लसींना तर फक्त ३० मिनिटे असतात, पॅकमधला कागद वाचा. एका मुलासाठी बहुडोस बाटली उघडायला जीवावर येते, हे समजण्यासारखे आहे, पण बाटली वाचवण्यासाठी मूल परत पाठवले की ते बहुधा परत येत नाही.

जंतुनाशक असलेल्या द्रव लसींसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१४ चे धोरण वेगळे आहे : संघटनेने पूर्वपात्र ठरवलेली आणि त्यासाठी मान्य असलेली बाटली उघडल्यावर २८ दिवसांपर्यंत वापरता येते, जर मुदत संपलेली नसेल, तापमान सांभाळले असेल, व्हीव्हीएम ठीक असेल आणि ती गोठलेली नसेल. उघडल्याची तारीख बाटलीवर हवी. सुई झाकणात खुपसून ठेवण्याची सवय असेल तर आजच मोडा.

राहिलेले डोस

सर्वांत जास्त विचारले जाणारे : "दोन वर्षे झाली, सगळे पहिल्यापासून सुरू करायचे का?" नाही. जवळजवळ कोणतीही लसमालिका अंतर वाढल्यामुळे पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथे थांबली तिथून पुढे. अडचण येते ती अंतर कमी पडल्यावर. दोन डोस फार जवळ दिले तर दुसरा डोस मोजता येत नाही.

प्राथमिक डोसांत किमान अंतर ४ आठवडे. हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांच्या मालिकेत तिसरा डोस दुसऱ्यानंतर ८ आणि पहिल्यानंतर १६ आठवडे झाल्याशिवाय नको, आणि बाळाचे वय २४ आठवडे पूर्ण हवे. दोन जिवंत (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या) इंजेक्शन लसी (एमएमआर आणि कांजिण्या, समजा) एकाच दिवशी द्या, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडा. मधल्या दिवसांत दिली तर दुसरी फुकट गेली असे समजा. निष्क्रिय (जिवंत जंतू नसलेल्या) लसींना असे बंधन नाही. त्या दिवशी देय असलेल्या सगळ्या लसी वेगवेगळ्या जागी, एकाच भेटीत देता येतात. एकाच मांडीत दोन द्यायच्या तर २.५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन लसी एका सिरिंजमध्ये भरू नका.

वयानुसार डोसांची संख्या कमी होते, आणि इथे लस वाया जाते. न्यूमोकोकल काँज्युगेटचा पहिला डोस वर्षानंतर मिळत असेल तर साधारण दोन डोस ८ आठवड्यांच्या अंतराने पुरतात. दोन वर्षांनंतर निरोगी मुलाला एक. हिबची (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी या जंतूवरची) लस १५ महिन्यांनंतर एकदाच, आणि पाच वर्षांनंतर निरोगी मुलाला नको. सातव्या वर्षानंतर डीपीटी नाही, घटसर्पाचा भाग कमी असलेली टीडी किंवा टीडॅप (टीडीत डांग्या खोकल्याचाही भाग असलेली). बीसीजीचा व्रण उठला नाही म्हणून बीसीजी पुन्हा देऊ नका. व्रण नसणे म्हणजे संरक्षण नसणे नव्हे.

कार्ड हरवलेले असेल आणि दुसरीकडे कुठे नोंद मिळत नसेल तर लस दिलेलीच नाही असे धरून पुढे चला. एमएमआर किंवा हिपॅटायटिस बीचा एखादा डोस जास्त झाल्याने काही बिघडत नाही. धनुर्वाताच्या लसीबाबत मात्र थोडे जपून : वारंवार दिल्यास दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू शकतो. जखम घेऊन आलेल्या प्रत्येकाला टीटी (धनुर्वाताची लस) टोचण्याची सवय याच कारणाने सोडायला हवी. मूळ तीन डोस झालेले असतील तर स्वच्छ, लहान जखमेला शेवटच्या डोसाला १० वर्षे झाल्यावरच बूस्टर, मातीने-शेणाने बरबटलेल्या किंवा खोल जखमेला ५ वर्षांनी. तीनपेक्षा कमी डोस किंवा माहितीच नसेल आणि जखम घाण असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडे), दुसऱ्या जागी.

इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्त मिळालेल्या मुलाला एमएमआर कधी, हे विसरले जाते. मिळालेली प्रतिपिंडे जिवंत विषाणू वाढू देत नाहीत. धनुर्वात इम्युनोग्लोब्युलिननंतर ३ महिने, रेबीजच्या नंतर ४, रक्तानंतर ६, आणि कावासाकी या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी शिरेतून मोठा डोस दिला असेल तर ११ महिने थांबा.

कुणाला नाही, आणि कुणाला उगाच नाही

खरी कारणे मोजकी आहेत : त्याच लसीने किंवा तिच्या घटकाने आधी अॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी तीव्र अॅलर्जी) झालेला, जिवंत लसींसाठी गंभीर प्रतिकारशक्तिक्षय आणि गर्भारपण, डांग्या खोकल्याच्या लसीनंतर ७ दिवसांत दुसऱ्या कारणाविना मेंदूविकार झालेला, रोटाव्हायरसच्या (बाळांच्या जुलाबांवरच्या) लसीसाठी आधी आतड्यात आतडे अडकलेले. मध्यम किंवा गंभीर आजारपण असेल तर थोडे थांबावे, पण ते थांबणे आहे, नकार नव्हे.

उगाच दिलेल्या नकारांची यादी लांब. नाक वाहणे, हलका ताप, सौम्य जुलाब, अँटिबायोटिक चालू असणे, अंडे बाधणे आणि एमएमआर, भावंडाला झटके येत असणे, घरात गर्भवती असणे, मुडदूस, कुपोषण : यांपैकी एकही कारण नाही. कुपोषित मुलाला तर गोवराची लस आधी हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मतारखेपासूनच्या वयाने लस द्यायची, अपेक्षित तारखेपासून नव्हे. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाला दिलेला हिपॅटायटिस बीचा जन्मडोस मालिकेत मोजत नाहीत, एवढे लक्षात ठेवा.

स्टेरॉइडचा घोळ कायम. इनहेलर, मलम, सांध्यातले इंजेक्शन, आठवड्याचा लहान कोर्स यांनी जिवंत लस अडत नाही. रोज प्रतिकिलो २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोलोन १४ दिवस किंवा जास्त घेतले असेल तर बंद केल्यानंतर किमान ४ आठवडे थांबा. संधिवातासाठी किंवा अवयव-प्रत्यारोपणासाठी औषध सुरू होणार असलेला रुग्ण आधी फॅमिली डॉक्टरकडेच येतो. जिवंत लस औषधाच्या ४ आठवडे आधी, निष्क्रिय लस २ आठवडे आधी आटोपली पाहिजे. ही संधी गेली की पुढे जिवंत लस देणे बहुधा जमत नाही. ठरवून करायच्या प्लीहेच्या शस्त्रक्रियेलाही तेच : न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल (मेंदूज्वराच्या एका जंतूवरची), हिब या लसी शक्यतो १४ दिवस आधी.

एमएमआर घेतल्यावर बाई गरोदर असल्याचे कळले तर घाबरवू नका. चार आठवडे गर्भधारणा टाळावी ही खबरदारी आहे; चुकून दिली गेली हे गर्भपाताचे कारण नाही.

अलीकडचे बदल

एचपीव्ही : डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन डोस पुरतात असे जाहीर केले, २१ वर्षांपुढे ६ महिन्यांच्या अंतराने दोन. एचआयव्ही किंवा अन्य प्रतिकारशक्तिक्षय असेल तर किमान दोन, शक्य तर तीन. लस झाली तरी गर्भाशयमुखाची तपासणी चालूच ठेवायची, हे त्याच वेळी सांगा.

पोलिओ : एप्रिल २०१६ पासून तोंडाने द्यायच्या लसीतून पोलिओ विषाणूचा दुसरा प्रकार काढला आहे. त्यामुळे थेंब कितीही झाले तरी प्रकार २ पासून संरक्षण इंजेक्शननेच मिळते. थेंबांच्या वेळापत्रकाबरोबर इंजेक्शनचे किमान दोन डोस ही आताची शिफारस आहे, आणि "थेंब झालेत, सुई कशाला" याला हेच उत्तर.

इन्फ्लुएन्झा : मार्च २०२० नंतर बी/यामागाता वंशाचा विषाणू सापडलेला नाही, म्हणून लसी पुन्हा तीन घटकांच्या झाल्या. चार घटकांची मिळाली नाही म्हणून रुग्णाला थांबवू नका.

आरएसव्ही (बाळांच्या फुफ्फुसांना बाधणारा श्वसनमार्गाचा विषाणू) : बाळांसाठी दोन वाटा आहेत. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला लस, किंवा बाळाला निर्सेव्हिमॅब हे दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड. आईला बाळंतपणाच्या किमान १४ दिवस आधी लस मिळाली असेल तर बाळाला सहसा प्रतिपिंडाची गरज नाही. इथे नामसाधर्म्याने चुका होतात. २०२३-२४ च्या हंगामात अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची लस गर्भवतींना आणि प्रौढांची लस बाळांना दिली गेल्याच्या नोंदी झाल्या. खोकी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा आणि फळीवर कुणासाठी ते लिहा.

रोटाव्हायरस : वयाची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. काही ठिकाणी पहिला डोस १५ आठवड्यांच्या आतच, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून उशिरा आलेल्या बाळालाही दोन वर्षांपर्यंत द्यावी असे सांगितले आहे. आपल्याकडचा नियम बघूनच हो किंवा नाही म्हणा. बाळाने थुंकली तर डोस पुन्हा देण्याबाबत उत्पादकाची सूचना पाळा.

रेबीज : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ पासूनच्या शिफारशीप्रमाणे चावल्यानंतरचा त्वचेतला मार्ग एका आठवड्यात संपतो, दिवस ०, ३, ७, दर वेळी दोन जागी. इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि जखमेभोवती जितके मावेल तितके भरायचे. लसीच्या पहिल्या डोसाला ७ दिवस उलटून गेल्यावर देऊ नका. लस कुल्ल्यात कधीच नाही. आणि साबण-पाण्याने १५ मिनिटे धुणे हे सगळ्याच्या आधी.

टोचताना आणि टोचल्यावर

बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात मधोमध, मोठ्यांना दंडात. स्नायूत द्यायची तर २५ मिलिमीटरची, २३ ते २५ गेजची सुई, काटकोनात. बाळाला छोटी सुई "दया म्हणून" वापरली तर लस चरबीत राहते आणि सूज जास्त येते. दंडात खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली टोचा; फार वर गेली तर सुई सांध्याच्या पिशवीत शिरते आणि महिनोन्महिने हात वर होत नाही. पिस्टन मागे ओढून रक्त बघण्याची गरज नाही, त्याने फक्त दुखणे वाढते. स्पिरिट सुकू द्या. जास्त झोंबणारी लस शेवटी. अंगावर पाजता पाजता टोचले तर बाळ कमी रडते. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल देऊ नका, प्रतिपिंडे कमी तयार होतात. ताप आल्यावर द्या. मेनिंगोकोकल बी लसीला हा नियम लागू नाही.

नंतर १५ मिनिटे बसवून ठेवा, आधी अॅलर्जीचा इतिहास असेल तर ३०. किशोरवयीनांना बसवून किंवा आडवे करूनच टोचा. बहुतेक वेळा होते ती चक्कर : टोचल्यावर लगेच, अंग पांढरे, घामाने गार, नाडी मंद, आडवे केल्यावर मिनिटभरात सुधारणा. अॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी जलद, अंगावर गांधी, आवाज बसणे, छातीत घरघर, उलटी. आणि आडवे करून फरक पडत नाही. हे विरळ आहे, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १० लाख डोसांमागे साधारण १.३, पण तयारी रोज हवी.

अॅड्रिनलिन १:१००० पहिले, बाकी सगळे नंतर. मांडीच्या स्नायूत, प्रतिकिलो ०.०१ मिलिलिटर. घाईत वजन माहीत नसेल तर ६ महिने ते ६ वर्षे ०.१५ मिलिलिटर, ६ ते १२ वर्षे ०.३, त्यापुढे ०.५. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवा, पाय वर; अचानक उठवून बसवू नका. हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आणि अॅव्हिल (अॅलर्जीचे औषध) यांनी जीव वाचत नाही, ते शोधण्यात वेळ जातो. अॅड्रिनलिनचे अँप्यूल, १ मिलिलिटरची सिरिंज, २५ मिलिमीटरची सुई आणि वयानुसार डोसची चिठ्ठी एका डब्यात. मुदत डब्याच्या झाकणावर लिहा. कुलूपबंद कपाट नको.

नोंद

लसीचे नाव, बॅच, मुदत, डोस क्रमांक, कोणत्या अवयवात कोणत्या बाजूला, कुणी दिली, पुढची तारीख. दोन लसी दिल्या तर उजवी-डावी मांडी लिहिलीच पाहिजे, नाहीतर गाठ आल्यावर कोणत्या लसीने आली ते कळत नाही. पुढच्या तारखेची यादी आठवड्यातून एकदा काढून न आलेल्यांना फोन करणारे एक माणूस ठरवा. "सगळ्यांनी करायचे" म्हटले की कुणीच करत नाही.

संधी वाया जाते ती लसीकरणाच्या दिवशी नव्हे, इतर दिवशी. खोकल्यासाठी आलेल्या मुलाचे कार्ड, मधुमेहाच्या रुग्णाची न्यूमोकोकल नोंद, गरोदर बाईची टीडॅप : वजन-बीपी घेतानाच नर्सने विचारावे आणि केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात देय लस लिहावी. आत आल्यावर "तुम्हाला लस द्यायची का?" असे विचारण्यापेक्षा "आज दोन लसी आहेत, काही शंका आहे का?" असे म्हणा. पालक नाही म्हणाले तर वाद घालू नका, नेमकी भीती कोणती ते विचारा, तेवढ्याचेच उत्तर द्या, आणि पुढच्या भेटीला पुन्हा विषय काढा.

गंभीर दुष्परिणाम (मृत्यू, रुग्णालयात दाखल करावे लागणे, एकाच बाटलीतून घेतलेल्या अनेकांना त्रास) २४ तासांत कळवा, लस कारणीभूत आहे याची खात्री होण्याची वाट न बघता. त्या वेळी रिकामी बाटली, डायल्युएंटची बाटली आणि वापरलेली सिरिंज टाकू नका, फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. आणि नोंदवहीत डायल्युएंटच्या बॅचसाठी स्वतंत्र रकाना आखा. छापील रजिस्टरांत तो बहुधा नसतो.